अद्भुतकथा आणि मुलांचे शिक्षण : नव्या अभ्यासकासाठी प्रस्तावना

श्रावणातल्या सोमवारच्या कहाणीत एक राजा आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे त्याच्या मनात येते. तो दवंडी पिटवतो, घरातले सगळे दूध देवळात आणून घाला. लोक घाबरतात. वासरांना पाजत नाहीत, मुलांना देत नाहीत, असेल नसेल ते दूध गाभाऱ्यात नेऊन ओततात. गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने घरचे काम आटोपले आहे, लेकरांना दूध दिले आहे, सुनांना दिले आहे, वासरांना पाजले आहे. उरलेले खुलभर दूध ती देवाला वाहते आणि गाभारा भरून जातो. हे कोणी केले याचा राजाला पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः पाळत ठेवून बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. ती आधी अभय मागून घेते आणि मग सांगते : तुझ्या आज्ञेने वासरे आणि मुले उपाशी राहिली, त्यांचा तळतळाट झाला, देवाला ते आवडले नाही.

घरोघर ही कहाणी वाचली जाते ती उपास धरणाऱ्या बायकांसाठी. मुले बाजूला बसून ऐकत आलेली आहेत. ऐकून झाल्यावर त्यांना कोणी बोध विचारत नाही. शेवट होतो तो इच्छेने : जसा देव राजाला प्रसन्न झाला तसा ऐकणाऱ्या सगळ्यांना होवो. तरीही पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनात या एवढ्याशा कथेतून किती काय उतरते ते पाहावे. चांगल्या कामासाठी काढलेला हुकूमसुद्धा चुकीचा असू शकतो. राजाला कळत नाही ते गोठा सांभाळणाऱ्या म्हातारीला कळते. आधी कोणाला द्यायचे आणि नंतर कोणाला, याला एक क्रम असतो. आणि सत्ता असलेल्या माणसाला खरे सांगायचे तर आधी अभय मागावे लागते. यातले एकही वाक्य ते मूल बोलून दाखवणार नाही. ते विचारील की वासरू किती मोठे होते, आणि म्हातारीच्या घरी गाई किती होत्या. पण भुकेल्या वासराची बाजू त्याने मनात घेतलेली असते, आणि ती घेतल्याशिवाय त्याला हे प्रश्न पडत नाहीत.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी या कहाणीने करते, कारण मला जे पटवून द्यायचे आहे ते सगळे तिच्यात आहे. अद्भुतकथा मुलाला घडवते ती आपल्या घडणीतून, म्हणजे कोण कोणाला भेटते, काय तीनदा घडते, कोण बोलते आणि कोण गप्प राहते यातून. शेवटी जोडलेले तात्पर्य हा तिचा सर्वांत दुबळा भाग असतो, आणि पुष्कळ कथांमध्ये तो नसतोच. हे मान्य केले तर शिक्षकाचे काम बदलते, संशोधकाचे प्रश्न बदलतात, पाठ्यपुस्तकातल्या धड्याखाली काय छापायचे तेही बदलते. हे मान्य न केल्यामुळे झालेले वाद या क्षेत्राच्या इतिहासात जागोजागी भेटतात. म्हणून सुरुवात त्या वादांपासून करणे बरे.

मुलांना गोष्टी सांगाव्यात की नाही, हा प्रश्न जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात दाया आणि आया मुलांना कोणत्या कथा सांगतात यावर देखरेख ठेवायला सांगितले. रूसोने १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’मध्ये ला फोंतेनच्या बोधकथा लहान मुलांना देऊ नयेत असे म्हटले, आणि त्याचे कारण आजही विचार करायला लावते. कावळा आणि कोल्ह्याच्या गोष्टीत कोल्हा स्तुती करून कावळ्याच्या चोचीतला तुकडा पळवतो. मोठ्या माणसाला वाटते, मूल स्तुतीला भुलू नये हे शिकेल. रूसो म्हणतो, मूल कोल्ह्याची बाजू घेते. त्याला जिंकणारा आवडतो. ज्याने वर्गात ही गोष्ट सांगून मुलांचे चेहरे पाहिले आहेत त्याला रूसोचे निरीक्षण नाकारता येणार नाही. मात्र त्याने काढलेला निष्कर्ष, म्हणजे गोष्टच नको, तो मला मान्य नाही. त्याच्या निरीक्षणावरून सिद्ध होते ते इतकेच की तात्पर्य आणि गोष्ट या दोन वेगळ्या वाटांनी चालतात आणि मूल गोष्टीच्या वाटेने जाते.

मराठीत छापील बालवाङ्मयाची सुरुवात झाली ती नेमकी बोधकथेपासून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ची. नव्या शाळांसाठी पुस्तके हवी होती आणि शाळेला नीती हवी होती. त्या आधीपासून पंचतंत्र होतेच. त्याच्या चौकटीतला अमरशक्ती राजा आपल्या तीन मठ्ठ मुलांना विष्णुशर्म्याच्या हाती सोपवतो आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत राजनीतीत तरबेज करण्याची प्रतिज्ञा करतो. कथेतून शिक्षण देणारा हा ग्रंथ जगातल्या सर्वांत प्रवासी ग्रंथांपैकी एक. सहाव्या शतकात तो पहलवीत गेला, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्याला ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले आणि तिथून तो युरोपभर पसरला. पण पंचतंत्र हे व्यवहारचातुर्याचे शास्त्र आहे. त्यात वाघ-कोल्हे बोलतात ते राजसभेतल्या माणसांसारखे. आजी सांगते ती भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. आपल्या शाळेने इसाप आणि पंचतंत्र आत घेतले आणि आजीला बाहेर ठेवले. या एका निवडीचे परिणाम पुढे फार लांबवर पोचले असे माझे मत आहे. गोष्ट म्हटली की तिच्याखाली बोध हवा, ही सवय तिथून लागली.

आजीला वर्गात आणणारा माणूस आपल्या शेजारी, भावनगरला भेटतो. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले. पेशाने वकील असलेला हा माणूस मॉंटेसरीबाईंच्या विचाराने भारावून बालशिक्षणाकडे वळला होता. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे छोटेसे पुस्तक म्हणजे एका कल्पित शिक्षकाच्या वर्षभराच्या प्रयोगाची हकीकत आहे. शिक्षणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावे. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गावर जातो तेव्हा आधी शांततेचा खेळ घेऊन पाहतो. हा खेळ मॉंटेसरी पद्धतीतला. तो सपशेल फसतो, वर्गात गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो. एक राजा, त्याच्या सात राण्या. वर्ग आपोआप गप्प होतो. मग गोष्ट मध्येच थांबवून तो हजेरी घेतो, आणि मुले घाईघाईने हजेरी देतात, कारण पुढचे ऐकायचे असते. हळूहळू त्याच गोष्टींतून वाचनालय उभे राहते, भाषा येते, नाटके येतात. सहकारी शिक्षक कुरकुरतात की हा नुसत्या गोष्टी सांगतो, शिकवणार कधी?

या प्रसंगातला ताण नव्या वाचकाने लक्षात घ्यावा. ज्या मॉंटेसरींना गिजुभाई गुरू मानत होते, त्यांना लहान वयात अद्भुतकथा देणे पसंत नव्हते. मुलाची कल्पना प्रत्यक्ष जगाच्या अनुभवावर उभी राहावी, मोठ्यांनी आपल्या कल्पना त्याच्यावर लादू नयेत, असा त्यांचा आग्रह. मूल भोळे असते म्हणून ते परीवर विश्वास ठेवते, आणि त्या भोळेपणाला आपण कल्पनाशक्ती समजतो, ही त्यांची तक्रार. तिच्यात तथ्य आहे. तरीही गिजुभाईंनी गुरूची ही एक गोष्ट बाजूला ठेवली आणि कथाकथनावर स्वतंत्र शास्त्र लिहिले. त्यांनी मुलांना ऐकताना पाहिले होते. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने ते वारली मुलांच्या पाड्यांपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार. अद्भुतकथेच्या अभ्यासकालाही तो उपयोगी पडतो. गोष्टी त्यांच्या घरी जाऊन ऐकाव्या लागतात.

असाच वाद रशियात फार कडवट झाला. क्रांतीनंतरच्या दशकात बऱ्याच शिक्षणतज्ज्ञांना वाटत होते की नव्या समाजाच्या मुलांना बोलणारे प्राणी आणि उडते गालिचे नकोत, यंत्रे आणि वस्तुस्थिती हवी. १९२८मध्ये शिक्षणतज्ज्ञ क्रूपस्काया यांनी ‘प्रावदा’त कोर्नेई चुकोव्हस्की यांच्या मगरीवरच्या बालकाव्यावर कठोर टीका केली. चुकोव्हस्कींचे उत्तर त्यांच्या ‘दोन ते पाच’ या पुस्तकात आहे. त्यात एका आईची रोजनिशी येते. तिने आपल्या मुलाला सगळ्या परीकथांपासून कटाक्षाने दूर ठेवले होते. त्या मुलाने आपल्या खोलीत राहायला एक लाल हत्ती आणला, अर्थात मनानेच. एका अस्वलाशीही मैत्री केली. मोठ्यांनी अद्भुत नाकारले तर मूल ते स्वतः तयार करते, हा चुकोव्हस्कींचा मुद्दा मला मॉंटेसरींच्या आक्षेपाचे सर्वांत चांगले उत्तर वाटतो. मुलाच्या मनाला अद्भुत बाहेरून चिकटवावे लागत नाही. परंपरा फक्त त्याला आकार देते, आणि हजारो तोंडांतून घासून आलेला तो आकार मुलाच्या एकट्याच्या लाल हत्तीपेक्षा अधिक काही देऊ शकतो.

काय देऊ शकतो? इथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले सर्वांत गाजलेले पुस्तक वाटेत येते. ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञाने १९७६मध्ये परीकथांच्या उपयोगावर लिहिलेल्या त्या ग्रंथाने पालक-शिक्षकांची एक पिढी बदलली. भीती, मत्सर, आईबापांवरचा राग, टाकून दिले जाण्याची धास्ती, हे सगळे मुलाच्या मनात असतेच. परीकथा त्याला नाव न देता रूप देते आणि शेवटी सुटका होते असे आश्वासन देते, हे त्यांचे सूत्र. सावत्र आईविषयी ते म्हणतात की मुलाला रागावणारी आई आणि माया करणारी आई एकाच देहात सोसवत नाही. कथा तिचे दोन तुकडे करते, म्हणून मूल एकीवर मनसोक्त रागावू शकते आणि दुसरीला जपू शकते.

हे स्पष्टीकरण देखणे आहे. पण ग्रिम बंधूंच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की अडचण उभी राहते. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांचा पहिला खंड १८१२चा, दुसरा १८१५चा, आणि त्यांच्या हयातीतली सातवी, अखेरची मोठी आवृत्ती १८५७ची. मधल्या पंचेचाळीस वर्षांत विल्हेल्मची लेखणी कथांवरून सारखी फिरत राहिली. १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीचा घात करू पाहणारी तिची सख्खी आई आहे. १८१९मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी बाईही आधी सख्खी आईच होती. १८४०च्या आवृत्तीपासून ती सावत्र दिसते. रापुन्त्सेलच्या पहिल्या पाठात ती मुलगी निरागसपणे विचारते की आपले कपडे घट्ट का होत आहेत. पुढच्या पाठांतून हा प्रश्न गेला. खाटीक-खाटीक खेळताना मुलांच्या हातून घडलेल्या हत्येची एक भयंकर कथा तर पहिल्या आवृत्तीनंतर वगळलीच. थोडक्यात, मुलाच्या मनाने केलेले आईचे दोन तुकडे म्हणून बेटेलहाइम ज्याकडे बोट दाखवतात, ते निदान या दोन कथांत एका संपादकाचे काम आहे. त्याला आईपणाची प्रतिमा सांभाळायची होती आणि पुस्तक मध्यमवर्गीय घरांत जायला हवे होते. सावत्र आई मौखिक परंपरेत इतरत्र भरपूर आहे, हेही खरे. पण कोणती सावत्र आई लोकांची आणि कोणती छापखान्यातली, हे तपासल्याशिवाय मनाचा सिद्धान्त मांडू नये.

इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८४मध्ये हीच हरकत लाल टोपीवालीच्या कथेबाबत घेतली. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने त्या लाल टोपीचा केवढा अर्थ लावला होता. फ्रेंच शेतकऱ्यांच्या तोंडी पाठांत ती टोपीच नाही. तिला ती दिली १६९७मध्ये शार्ल पेरोने. मी मानसशास्त्राच्या विरोधात नाही. बेटेलहाइम यांनी मुलाच्या भीतीला गंभीरपणे घेतले हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांचे पुस्तक वाचताना शेजारी ग्रिमांची पहिली आवृत्ती उघडी ठेवावी, हा माझा आग्रह आहे.

आता हाच प्रश्न आपल्याकडे आणून पाहू. मराठी कहाण्यांत सावत्र आईपेक्षा जास्त वेळा भेटते ती नावडती. शिवामुठीच्या कहाणीतल्या राजाच्या सुनांपैकी एक नावडती आहे. तिला उष्टे खायला, जाडेभरडे ल्यायला आणि गोठ्यात राहायला मिळते. तिला वाट दाखवतात त्या रानात भेटलेल्या नागकन्या आणि देवकन्या, आणि तिचे व्रत फळते तेव्हा जे घर तिला हाकलत होते तेच तिच्या मागे येते. सासुरवाशिणीचे दुःख जिथे सर्वांत मोठे होते तिथे कथेतला छळ सासरी घडतो. जिथे बाळंतपणात आया मरत आणि बाप पुन्हा लग्न करत तिथे तो सावत्र आईच्या हातून घडतो. क्रूरपणाची जागा समाज ठरवतो. मूल ती जागा कथेतून ओळखू लागते आणि आपल्या घरातल्या मोठ्यांचे अबोल दुःख त्याला पहिल्यांदा दिसते. नावडतीची कहाणी ऐकलेली मुलगी आपल्या आत्याकडे किंवा धाकट्या काकूकडे वेगळ्या नजरेने पाहते. व्यक्तिमत्त्व घडणे म्हणतात त्यात हेही येते, आणि माझ्या लेखी ते आत्मविश्वासाच्या गप्पांपेक्षा मोलाचे आहे.

कथेच्या घडणीविषयी बोलताना दोन माणसांची नावे टाळता येत नाहीत. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८मध्ये शंभर रशियन अद्भुतकथा तपासून दाखवले की पात्रे बदलली तरी त्यांची कृत्ये एकतीसच प्रकारची असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. घरातले कोणी दूर जाते, मनाई होते, मनाई मोडली जाते, असे ते चालते. स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी १९४७मध्ये या कथांची शैली उलगडली. अद्भुतकथेतला नायक कशाने चकित होत नाही. वाघ बोलला तर तो वाघाशी बोलतो. भोपळ्यातली म्हातारी लेकीकडे जाताना वाघाशी अगदी शांतपणे सौदा करते : आता माझ्या अंगावर मांस नाही, लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. तिचे मन आत काय म्हणत होते, ती रात्रभर झोपली का, हे कथा सांगत नाही. या सपाटपणाला उणीव समजणारा शिक्षक तिथे भावनांची वर्णने घालतो आणि गोष्ट बुडवतो. ती मोकळी जागा ऐकणाऱ्या मुलासाठी आहे. भीती किती घ्यायची हे ते स्वतः ठरवते. म्हणून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागते, आणि वाघ कुठे येणार हे पाठ असताना त्या जागेआधी उशी जवळ ओढते. ज्या भीतीचा शेवट ठाऊक आहे अशा भीतीत राहून पाहण्याचा हा सराव आहे. चित्रफितीत वाघाचा आकार, आवाज आणि वेग तिसऱ्याच कोणी ठरवलेला असतो. सांगितलेल्या गोष्टीत तो मुलाच्या मापाचा असतो.

भाषेचा लाभ याच मार्गाने येतो. समोर नसलेले जग निव्वळ शब्दांतून उभे करणे हे वाचनाचे मूळ कौशल्य, आणि आटपाट नगर म्हटल्याबरोबर मूल त्या कामाला लागते. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोकणी, गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांसाठी घरच्या बोलीतली गोष्ट आणि पुस्तकातली तीच गोष्ट यांच्यामधून शाळेच्या भाषेकडे जाणारी वाट सर्वांत सोपी असते, कारण कथानक आधीच त्यांचे असते.

घडण कळली की तिच्याशी खेळताही येते. इटलीतल्या जान्नी रोदारी यांनी १९७३मध्ये कल्पनेचे व्याकरण मांडले. रेज्जो एमिलियातल्या शिक्षकांसोबत केलेल्या कामातून ते पुस्तक उभे राहिले. प्रॉपच्या कृत्यांचे पत्ते करून ते मुलांपुढे मांडावेत आणि मुलांनी त्यातून नवी कथा जुळवावी, ही त्यातली एक युक्ती. शिकागोच्या व्हिव्हियन पेली यांनी आणखी साधा मार्ग धरला. मुलाने गोष्ट सांगायची, बाईंनी ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि मग सगळ्या वर्गाने ती करून दाखवायची. एकलकोंडे मूल, भांडखोर मूल, सगळ्यांना एकमेकांच्या कथेत भूमिका मिळते. आपल्या अंगणवाडीत याला खडूखेरीज काही लागत नाही. मराठी रंगभूमीने हे मोठ्या पटावर केले. १९५९मध्ये सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने आणि पुढे रत्नाकर मतकरींच्या बालनाट्याने राक्षस आणि चेटकिणी मुलांच्या पुढ्यात जिवंत उभ्या केल्या. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण ज्यांनी लहानपणी पाहिली, त्यांना भीती आणि हसू एकाच वेळी अंगात शिरणे म्हणजे काय ते ठाऊक आहे.

पण याच चेटकिणीपाशी मला थांबायचे आहे. शहरातल्या मुलासाठी ती रंगमंचावरची बाई आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात आजही एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. महाराष्ट्राला २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच क्रूर प्रथांमुळे. तिथल्या शाळेत चेटकिणीची गोष्ट सांगणारा शिक्षक वेगळेच काही सांगत असतो, त्याच्या मनात असो वा नसो. गोरी राजकन्या आणि काळी दासी, सुंदर म्हणून चांगली आणि कुरूप म्हणून दुष्ट, लग्नातच संपणारे मुलीचे आयुष्य, हे सगळे घडणीतूनच शिकवले जाते, आणि म्हणूनच ते शेवटी दिलेल्या सदुपदेशाने पुसता येत नाही. यावर कथा धुऊन स्वच्छ करणे हा उपाय मला पटत नाही. विल्हेल्म ग्रिमने तेच केले होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे एका कथेचे अनेक पाठ वर्गात आणणे. सिंड्रेला नवव्या शतकात चीनमध्ये ये श्येन आहे. ए. के. रामानुजन यांनी अभ्यासलेल्या कन्नड कथेत ती हंची आहे. ती मातीच्या मुखवट्याने आपले रूप झाकते आणि तिच्या हातच्या स्वयंपाकाची चव कथेला पुढे नेते. तीन पाठ ऐकलेल्या मुलाला कळते की गोष्ट अशीही सांगता येते आणि तशीही. तिथून टीकाबुद्धी सुरू होते.

रामानुजन यांच्या भारतीय लोककथांच्या १९९१च्या संग्रहात तमिळनाडूची एक छोटी कथा आहे. मुले-सुना जाच करतात, म्हातारी विधवा कोणाशी बोलू शकत नाही आणि दिवसेंदिवस फुगत जाते. एक दिवस ती पडक्या घरात शिरते आणि आपली गाऱ्हाणी भिंतींना सांगते. एकेका गाऱ्हाण्यासरशी एकेक भिंत कोसळते आणि तिचे अंग हलके होते. प्रौढांना या विषयात आणायचे असेल तेव्हा मी ही कथा पुढे करते. त्यावर भाष्य करावे लागत नाही. ऐकणारी बाई थोड्या वेळाने स्वतःचे काहीतरी सांगू लागते.

आपल्या वाचकासाठी दुर्गा भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संकलनाचे खंड हा पक्का पाया आहे. त्यात एक उणीव मात्र राहून गेली आहे, आणि ती भरून काढण्याचे काम नव्या अभ्यासकांचे आहे. कथा नोंदल्या गेल्या. मुलांनी त्या कशा ऐकल्या हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. कोणत्या जागी मूल हसले, कुठे त्याने कान झाकले, काय विचारले, दुसऱ्या दिवशी खेळात त्यातले काय आले, याची मराठीत नीट नोंद झाली तर शिक्षणातल्या अद्भुतकथेविषयी आपण युरोपच्या सिद्धान्तांवर विसंबणार नाही.

नोंद कशी करावी याचा एक जुना नमुना आपल्याच भूमीवरचा आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर निघाली. सोबतीला आया होती, अ‍ॅना लिबेराता डिसूझा. तिचे आजोबा मूळचे लिंगायत, गोव्याजवळ येऊन राहिल्यावर ख्रिस्ती झालेले. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी अ‍ॅना सांगत गेली आणि १८६८मध्ये त्या लंडनला पुस्तकरूपाने निघाल्या. त्यातल्या पहिल्याच कथेत जादूगाराचा प्राण दूर एका पोपटात असतो. ही कथा पुढे फ्रेझरसारख्या मानववंशशास्त्रज्ञाने जगासमोर चर्चेला घेतली. वसाहतीच्या चौकटीतले, इंग्रजीत सांगितलेले हे काम आहे, त्याच्या मर्यादा उघड आहेत. तरी मेरी फ्रिअरने एक गोष्ट त्या काळात विरळच असणाऱ्या नीटपणाने केली. सांगणारीचे नाव दिले, आणि तिची जीवनकथा तिच्याच तोंडून घेऊन पुस्तकाच्या आरंभी छापली. त्यानंतर आलेल्या कितीतरी संग्रहांत सांगणारी म्हणजे नुसती ‘एक वृद्ध स्त्री’ आहे.

तेव्हा पहिली कथा टिपून घ्याल त्या दिवशी हे पाहावे : सांगणारीची परवानगी घ्यावी, नाव द्यावे की नाही हे तिला विचारावे, ती कोणाकडून आणि कोणत्या बोलीत शिकली ते लिहावे, आणि तिच्या बोलीतले शब्द प्रमाण मराठीत वळवू नयेत. ऐकायला मुले असतील तर त्यांचे प्रश्न कथेच्या आतच, जिथे आले तिथे नोंदवावेत. लिहिलेले तिला वाचून दाखवावे. ती काही बदलायला सांगेल तर बदलावे, आणि आधीचा पाठही तारखेसह जपून ठेवावा.